'याची बदली का झाली नाही?' : एका गुन्हेमालिकेच्या लेखनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आठ भागांची मराठी गुन्हेमालिका लिहायची होती. निर्मिती संस्थेची मागणी एका ओळीत आली: छोट्या गावातला शेरीफ, भोवती लाचखोर पोलीस आणि त्यांच्यासमोर एकटा उभा राहिलेला हा माणूस. सोबत दोन-तीन अमेरिकी चित्रपटांचे दाखले आणि 'हे आपल्या मातीत आणा' एवढी सूचना. चमूत आम्ही तिघं होतो. मुख्य लेखक पुण्याचे, सहलेखिका वैनगंगेकाठच्या एका तालुक्यातली आणि मी पटकथा-सल्लागार. संस्थेचं आणि माणसांचं नाव देत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिला खर्डा तीन महिन्यांत तयार झाला. नदीकाठचं तालुक्याचं गाव. तिथल्या ठाण्यात नवा सहायक पोलीस निरीक्षक रुजू होतो. रात्री नदीतून वाळू उपसली जाते आणि ठाण्यातली निम्मी माणसं त्यात वाटेकरी आहेत. आपला नायक तिसऱ्या भागात एका हवालदाराचा पट्टा काढून घेऊन त्याला घरी पाठवतो, पाचव्या भागात उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर छापा घालतो आणि आठव्यात त्यांना बेड्या घालून बाजारपेठेतून चालवत नेतो. वाचायला वेगवान होता. संस्थेला आवडला. मलाही आवडला होता, हे इथे नोंदवायला हवं, कारण पुढची सगळी चूक त्या आवडण्यात होती.

सहलेखिकेने पहिल्याच बैठकीत एक हरकत घेतली होती. 'आमच्याकडे वाळू म्हणत नाहीत, रेती म्हणतात. आणि निरीक्षकाला ठाणेदार म्हणतात.' आम्ही दोन्ही शब्द बदलून घेतले आणि पुढे गेलो. तिला त्यापुढेही काही म्हणायचं होतं, पण आम्ही ती हरकत बोलीची समजलो.

अडचण

खर्डा तपासायला एका निवृत्त पोलीस निरीक्षकांकडे दिला. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी विदर्भातल्या ग्रामीण ठाण्यांत. आठवड्याने बोलावलं. ओसरीवरच्या टेबलावर आमची पानं, वर चष्म्याचं घर ठेवलेलं. पहिल्या पस्तीस पानांवर त्यांनी एकही खूण केली नव्हती. छत्तिसाव्या पानावर, जिथे नायक पहिला ट्रक पकडतो, तिथे समासात पेन्सिलने एकच शब्द होता: बदली? त्यानंतर जवळजवळ प्रत्येक पानावर तोच शब्द. शेवटी शेवटी नुसतं 'ब?' उरलं होतं.

'अहो, बाकी सगळं ठीक आहे,' ते म्हणाले. 'पण याची बदली का झाली नाही, ते एकदा सांगा.'

आमच्याकडे उत्तर नव्हतं. मुख्य लेखकांनी दोन वर्षांच्या मुदतीचा मुद्दा काढला. तो खरा आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली ठाणे प्रमुखांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यायला सांगितलं आणि महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून तशी तरतूद केली. साहेब हसले नाहीत, शांतपणे म्हणाले, 'त्याच कलमात पुढे लोकहित आणि प्रशासकीय निकड आहे. ती दोन वाक्यंही वाचा.' अपवादात्मक परिस्थितीत मुदतीआधी बदली करता येते आणि अपवाद कशाला म्हणायचं हे वर ठरतं.

मग त्यांनी एकेक प्रसंग उलगडला. ठाणेदार हवालदाराचा पट्टा काढून घेऊ शकत नाही. तो कसुरी अहवाल पाठवू शकतो. निलंबन पोलीस अधीक्षक करतात, मग विभागीय चौकशी लागते. स्वतःच्या वरिष्ठावर छापा घालणं तर दूरच. आमच्या हवालदाराने ठाणे दैनंदिनीचं पान फाडलं होतं. आता नोंदी संगणकावर, सीसीटीएनएस या पोलिसांच्या देशभरच्या प्रणालीत होतात, नोंदीला वेळ असते आणि करणाऱ्याचं नाव असतं. शिवाय ठाण्यात कॅमेरे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक ठाण्यात ते बसवायला सांगितले आणि चित्रण 18 महिने ठेवायला सांगितलं. कॅमेरा चालू आहे की 'बिघडला' आहे, यावर एक अख्खा भाग लिहिता येईल, असं तेच म्हणाले. पुढे आम्ही तो लिहिला.

परतताना गाडीत सहलेखिका म्हणाली, 'मी पहिल्या दिवशी हेच सांगत होते. ठाणेदार आला की आमच्याकडे लोक त्याचं नाव विचारत नाहीत. किती दिवसाचा हाय जी, असं विचारतात.'

अडचण नेमकी तिथे होती. आम्ही गाव, नदी, भाषा सगळं बदललं होतं आणि माणूस मात्र अमेरिकेतलाच ठेवला होता.

शेरीफ म्हणजे कोण

हा अभ्यास आम्ही खर्डा लिहिण्याआधी करायला हवा होता. अमेरिकेत शेरीफ हा बहुतेक राज्यांत काउंटीचा निवडून आलेला अधिकारी असतो. तुरुंग, न्यायालयाची समन्सं, ज्या भागाला स्वतःचं पोलीस दल नाही तिथली गस्त, हे त्याचं काम. अनेक राज्यांत त्याच्या हाताखालचे डेप्युटी त्याच्या मर्जीने नोकरीत असतात. म्हणजे तो खरोखरच एखाद्याचा पट्टा काढून घेऊ शकतो. त्याच्या डोक्यावर बदलीचा कागद लटकत नाही. मुदत संपली की त्याला लोकांसमोर उभं राहावं लागतं, एवढंच.

म्हणून तो स्वच्छ असतो असं नाही. टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीत शेरीफ आणि डेप्युटींची कमाई पकडलेल्या माणसांमागे मिळणाऱ्या शुल्कावर चालत होती. जितक्या अटका तितका पैसा. ऑगस्ट 1946 मध्ये, निवडणुकीच्या रात्री, मतपेट्या उचलून तुरुंगात नेल्या गेल्या. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी अथेन्स गावातल्या त्या तुरुंगाला वेढा घातला, गोळीबार झाला, डायनामाइट फुटलं आणि पहाटे पेट्या बाहेर आल्या. निवडून येणारा अधिकारी हटवायचा रस्ता मतपेटी असतो, म्हणून भ्रष्ट शेरीफने हात घातला तो मतपेटीला. आमच्याकडचा हात बदलीच्या यादीला लागतो. दोन्हीकडची गोष्ट वेगळी होते ती इथून.

आपल्याकडेही शेरीफ आहे, हे सांगायला हवं, कारण संस्थेतल्या एकाने ते सुचवलं होतं. मुंबईचा नगरपाल. पद मानाचं, वर्षभराचं, शहरातल्या नामवंताला मिळणारं. त्याला ना ठाणे, ना बेडी. तो पर्याय पाच मिनिटांत संपला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गोष्ट अमेरिकेतच ठेवण्याचा. न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी आहे. एखादा मराठी दुकानदार साक्षीदार होतो आणि शेरीफ त्याच्यामागे उभा राहतो, अशी कल्पना होती. पण न्यू जर्सीत शेरीफ काउंटीचा असतो आणि गावांना आपापलं पोलीस दल, आपला प्रमुख असतो. 'छोट्या गावाचा शेरीफ' तिथे उभा करायचा तर मुळातच खोटं बोलावं लागलं असतं. शिवाय आमच्यापैकी तिथे कोणी राहिलेलं नव्हतं.

दुसरा पर्याय मला फार प्रिय होता: नायक पोलीस पाटील. तो त्याच गावचा असतो. त्याला सगळे ओळखतात, बदली होऊन तो कुठे जात नाही. शेरीफचं गावाशी जे नातं असतं ते आपल्याकडे फक्त त्याच्यात सापडतं. पण नेमणूक प्रांताधिकाऱ्यांकडून, मिळतं ते मानधन आणि काम मुख्यतः खबर देण्याचं. आठ भाग तो फक्त खबर देत राहिला असता आणि ती खबर ज्यांच्याकडे जाणार तेच वाटेकरी. आता मागे वळून पाहताना वाटतं, हीच तर गोष्ट होती. त्या वेळी आम्हाला नायकाच्या हाताला काम हवं होतं, म्हणून सोडली.

तिसरा पर्याय, ठाणेदारच ठेवायचा आणि बदली गोष्टीच्या मध्यभागी आणायची. 'तो जिंकेल का' हा प्रश्न काढून 'आदेश यायच्या आत तो किती करू शकेल' हा प्रश्न ठेवायचा.

चौथा पर्याय सहलेखिकेचा होता, नायिका ठाण्यातली महिला हवालदार करण्याचा. ठाणे अंमलदार म्हणून दैनंदिनीत नोंदी करणारी. ठाणेदार येतात, जातात. ती तिथेच आहे आणि सगळं तिच्या हातून लिहिलं जातं. संस्थेने नकार दिला, 'मुख्य पात्र अधिकारीच हवा.' आम्ही तिला दुसऱ्या क्रमांकाचं पात्र केलं. हा नकार आम्ही फार लवकर मान्य केला.

घेतलेले निर्णय

तिसऱ्या पर्यायावर काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात अडलं. मुदत मोजणारा नायक शुद्ध असेल तर गोष्ट सरळसोट होते. साहेबांकडे पुन्हा गेलो. त्यांनी आम्हाला वेगळंच विचारलं, 'त्याच्या केबिनमधला एसी कोणी बसवला?'

या प्रश्नाने खर्डा उलटापालटा झाला. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक सर्पिको या पोलिसाने दलातल्या हप्तेवसुलीबद्दल तोंड उघडलं, त्यातून 1970 साली महापौर जॉन लिंडसे यांनी नॅप आयोग नेमला. 1971 च्या फेब्रुवारीत ब्रुकलिनमध्ये एका कारवाईत सर्पिकोच्या चेहऱ्यावर गोळी लागली. वर्षअखेरीस त्याने आयोगासमोर साक्ष दिली. त्या आयोगाने लाचखोर पोलिसांचे दोन प्रकार सांगितले होते: गवत खाणारे आणि मांस खाणारे. मांस खाणारा सावज शोधत फिरतो. गवत खाणारा समोर आलेलं नाकारत नाही, आणि दलात बहुसंख्य तेच असतात. आमचा ठाणेदार आम्ही गवत खाणारा केला. रुजू झाला तेव्हा क्वार्टर गळत होतं, छपरावर नवे पत्रे कोणीतरी बसवून दिले. एसी आधीपासून होता. रोज सकाळचा नाश्ता समोरच्या हॉटेलातून यायचा आणि बिल कधी आलं नाही. चौथ्या भागात तो बिल मागतो. हॉटेलवाला घाबरतो, त्याला वाटतं आपलं काही चुकलं. ते दृश्य सहलेखिकेने लिहिलं, दीड पानाचं, आणि माझ्या मते सगळ्या मालिकेत तेच सगळ्यात सच्चं आहे.

दुसरा निर्णय लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा. ठाणेदार स्वतः सापळा लावत नाही. तक्रार अशाने द्यायची असते ज्याच्याकडे पैसे मागितले गेले. आधी मागणीची पडताळणी होते, आवाज नोंदवला जातो, दोन सरकारी पंच घेतले जातात, नोटांना पूड लावतात. फिनॉल्फ्थॅलिन असेल तर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बोटं बुडवली की पाणी गुलाबी होतं, अँथ्रासीन असेल तर अतिनील दिव्याखाली बोटं चमकतात. हे दृश्य प्रत्येक मालिकेत असतं. पण नुसत्या नोटा सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये तेच पुन्हा सांगितलं, आणि तक्रारदार फिरला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येईल, असंही सांगितलं. म्हणून आम्ही सगळा जोर पडताळणीच्या दृश्यावर दिला. चहाच्या टपरीवर हवालदार एकही आकडा बोलत नाही. तो बोटांनी काडेपेटीतल्या काड्या मांडतो. यंत्रात आवाज येतो तो फक्त बशीचा.

मग तक्रारदार कोण? गावात हप्ता देणारा प्रत्येक जण रेती चोरतोच आहे. आम्ही एक ट्रॅक्टरवाला घेतला, एक ब्रास रेती नेणारा, ज्याच्यापुढे टिप्परवाले म्हणजे राजे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत कळवावं लागतं, आणि आधीच विभागाला सांगून सापळ्यासाठी पैसे दिले तर संरक्षण मिळतं. ठाणेदाराला त्या माणसाला विभागाच्या 1064 या क्रमांकावर फोन कर म्हणून पटवायचं आहे, आणि तो माणूस विचारतो, 'साहेब, तुम्ही किती दिवस हाव जी इथं?' ठाणेदाराला खोटं बोलता येईल. बोलू द्यायचं का, यावर आम्ही दोन दिवस वाद घातला. शेवटी तो खरं सांगतो: 'माहीत नाही.' ट्रॅक्टरवाला उठून निघून जातो आणि पाचव्या दिवशी फोन करतो. का केला, हे आम्ही कुठेही सांगितलं नाही.

तिसरा निर्णय शेवटाचा. सापळा यशस्वी होतो, हवालदार आणि एक मध्यस्थ अडकतात, वरचा माणूस सुटतो आणि नोव्हेंबरमध्ये ठाणेदाराला नियंत्रण कक्षात पाठवल्याचा आदेश येतो. इथून पुढे काय? मुदतपूर्व बदलीविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात म्हणजे मॅटमध्ये जाता येतं, नागपुरात खंडपीठ आहे. सहलेखिकेला तो मॅटमध्ये जायला हवा होता. मुख्य लेखकांना तो निमूट जायला हवा होता. साहेबांना विचारलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'जातात. जिंकतातही. मग त्याच साहेबांच्या हाताखाली परत येऊन बसतात.' ते कोणाबद्दल बोलत होते, हे आम्ही विचारलं नाही.

आम्ही ठाणेदाराला मॅटच्या पायरीपर्यंत नेलं आणि निकाल दाखवला नाही. त्याआधी, कार्यभार सोडण्याच्या रात्री, तो महिला हवालदाराला दैनंदिनीत नोंद करायला सांगतो: त्या रात्री कोणते टिप्पर किती वाजता ठाण्यासमोरून गेले. अकरा गाड्या. ती प्रत्येक क्रमांक वाचून दाखवते. शेवटी विचारते, 'साहेब, नोंद माझ्या नावाने पडेल.' तो उद्या इथे नसेल, ती असेल. तो उठतो, तिच्या खुर्चीवर बसतो आणि स्वतःच्या नावाने नोंद करतो.

परिणाम

संस्थेने आठाचे सहा भाग केले. एक पाठलाग आणि एक नदीतला गोळीबार मागितला. पाठलाग आम्ही दिला, गोळीबार दिला नाही. बेड्या घालून बाजारपेठेतून नेण्याचं दृश्य परत आणा म्हणून तीन वेळा निरोप आला, तिथे मुख्य लेखक अडून राहिले. कॅमेरा बिघडल्याचा भाग टिकला, नाश्त्याच्या बिलाचं दृश्य निम्मं झालं. संहिता मंजूर झाली.

मंजुरीनंतर सहलेखिकेच्या आग्रहाने तिच्या गावात एक वाचन केलं. दहा-बारा माणसं, त्यांत पोलिसांच्या घरचे काही. शेवटचा भाग संपला तेव्हा एका हवालदाराच्या पत्नीने विचारलं, 'नोव्हेंबरात बदली झाली, मग पोरांच्या शाळेचं काय केलं?'

पुन्हा करायचं झालं तर

नेहमीच्या बदल्या उन्हाळ्यात होतात. त्यामागे शाळेचं वर्ष असतं. मुदतपूर्व आदेश नोव्हेंबरात आला की सहामाही नुकतीच झालेली असते, क्वार्टर सोडायचं असतं, नव्या ठिकाणी क्वार्टर रिकामं नसतं, गॅसचं कार्ड, दुधाचा हिशेब, म्हाताऱ्या आईचं दवाखान्याचं कार्ड. शिक्षा आहे ती ही. आम्ही सहा भाग बदलीवर लिहिले आणि ती एका कागदाएवढीच दाखवली. आमच्या ठाणेदाराला बायको होती, तिला एकूण नऊ वाक्यं होती.

साहेबांकडे पहिला खर्डा लिहून झाल्यावर गेलो, तेही चुकलं. एक ओळ हातात असतानाच जायला हवं होतं. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलेला प्रश्न त्या ओळीलाही लागू होता आणि तीन महिने वाचले असते. सहलेखिकेचं म्हणणं बोलीची दुरुस्ती समजून मिटवलं, ही माझी चूक. सल्लागार म्हणून ते ऐकणं माझंच काम होतं.

महिला हवालदार नायिका असती तर? यावर आम्हा तिघांचं अजून एकमत नाही. मुख्य लेखकांच्या मते निर्णय घेण्याचा अधिकार नसलेलं पात्र सहा भाग ओढू शकत नाही. मला वाटतं, अकरा गाड्यांची नोंद ठाणेदाराने स्वतःच्या नावाने केली तिथे आम्ही त्याला मोठं केलं आणि तिचा प्रसंग तिच्या हातातून काढून घेतला. तिने कीबोर्डवर हात ठेवून विचारलेला प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर तिनेच द्यायला हवं होतं, नोंद करून किंवा न करून.

त्या वाचनानंतर सहलेखिकेने शेवटच्या भागात एक पान घातलं, चित्रीकरणाआधी ते राहील की जाईल माहीत नाही. पहाटे क्वार्टरसमोर छोटा टेम्पो उभा आहे. ठाणेदाराची बायको भिंतीवरचं शाळेचं वेळापत्रक टाचण्या काढून, न फाडता उतरवते, घडी घालते, आणि मग ते कुठल्या खोक्यात ठेवायचं हे तिला सुचत नाही.